माय्ना म्हणजे खाली

देल्चो मुळातच कमी बोलणारा माणूस. रोदोपीच्या डोंगरातल्या गावातून लग्न करून प्लोव्दिवला आली तेव्हा मिन्काला वाटलं होतं, लाजत असेल, हळूहळू खुलेल. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन वार्नाला गेली, तरी देल्चो काही खुलला नाही. सकाळी “कॉफी” म्हणायचा, रात्री “मीठ कमी आहे” म्हणायचा. बाकीचा सगळा दिवस तो क्रेनवर, आभाळाच्या शेजारी.

नदीपलीकडे मोठ्या व्यापारी इमारतीचं काम निघालं. खाली दुकानं, वर ऑफिसं. तिथली टॉवर क्रेन देल्चोकडे आली. कामगारांच्या खानावळीला बाई हवी आहे असं कळलं तशी मिन्काने शिवणकामाचा कारखाना सोडला आणि पत्र्याच्या त्या खोलीत चूल मांडली. निदान दुपारचं तरी नवऱ्याबरोबर जेवू, एवढीच तिची इच्छा. पण देल्चो दुपारीही खाली येईना. दोरी सोडायचा आणि डबा वर ओढून घ्यायचा.

खानावळीतली वीज सहसा जात नसे, म्हणून सगळ्यांच्या वॉकीटॉकी तिथेच चार्जिंगला लावायच्या. एक तर कायम चालूच असे. मिन्का घेवड्याच्या रश्श्यात पुदिना टाकत होती तेव्हा त्या यंत्रातून बाईचा आवाज आला.

“देल्चो, बाण माझ्याकडे वळव. अजून. अजून थोडा. हां... माय्ना, माय्ना... हळू रे. माय्ना.”

आणि त्यावर देल्चोचा आवाज, मऊ, जसा मिन्काने कधी ऐकलाच नव्हता. “आलो, गेर्गिना. तू बाजूला हो आधी. सांभाळ स्वतःला.”

मिन्काचा डाव पातेल्यातच राहिला. प्लोव्दिवचे पुरुष गल्लीबोळात एकमेकांना ‘माय्ना’ म्हणून हाका मारतात, हे ती आल्या दिवसापासून ऐकत होती. दोस्ताला म्हणायचा शब्द तो. पण परक्या बाईने दुसरीच्या नवऱ्याला, तेही अशा लाडाने? आणि बाण कसला वळवायचा तो?

दुपारी तिने गेर्गिनाला नीट पाहून घेतलं. खालून क्रेनला सिग्नल देणारी, आसेनोवग्रादची, पस्तिशीची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, डोक्यावर नारिंगी हेल्मेट आणि खाली लालबुंद गाल. मिन्काने चीज भरलेल्या बानित्साचा करपलेला कोपरा तिच्या ताटात टाकला.

“घ्या, पोटभर खा. दिवसभर बोलून बोलून घसा कोरडा पडत असेल.”

“पडतो ना!” गेर्गिना हसली. तिला टोमणा कळलाच नाही. “पण मिन्काताई, तुमचा नवरा सोनं आहे हो. इतका ऐकणारा माणूस मी कुठल्याच साइटवर पाहिला नाही.”

ऐकणारा! मिन्काच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री तिने देल्चोला धरलंच.

“घरी मुका, आणि वर गेलास की पोपट होतोस.”

“काम असतं ते.”

“माझ्याशी बोलायचं काम कधी निघणार?”

देल्चोने पाव मोडला, लाल मिरचीच्या चटणीत बुडवला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिने सळया बांधणाऱ्या साबीकाकांना गाठलं. म्हातारा रोज सगळ्यांच्या आधी कॉफीला येऊन बसे. आढेवेढे न घेता तिने विचारून टाकलं, त्या बाईचं हे माय्ना माय्ना काय चालतं म्हणून. साबीकाका इतके हसले की कॉफी मिशांना लागली.

“अगं पोरी, माय्ना म्हणजे खाली! जहाजावरच्या लोकांची भाषा ती. माल वर घ्यायचा तर विरा, खाली सोडायचा तर माय्ना. आणि बाण म्हणजे क्रेनचा तो लांब हात.”

“आणि काल म्हणाली, रातकिडा वर घे. तो काय?”

“रातकिडा नव्हे गं, लिंटेल! दाराखिडकीच्या डोक्यावरचा आडवा तुळवट. रातकिडा म्हणजे श्तुरेत्स आणि हा श्तुर्त्स. शब्द जवळजवळ सारखेच आहेत, तू तरी काय करणार?”

दुसरी कुणी असती तर हसून मोकळी झाली असती. मिन्काही हसली, पण पोटातलं दुखणं काही हटेना. नुसतं खाली म्हणायचं होतं ना, मग त्यावर नवऱ्याचा आवाज एवढा मऊ का व्हावा?

मग तिला शब्दांचा नादच लागला. साबीकाकांना ती कॉफीचा दुसरा कप फुकट देई आणि एकेक शब्द काढून घेई. लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या जाड भिंतींना इमारतीचा गाभा म्हणतात. सगळं ओझं खांब आणि गाभा उचलतात. बाहेरची काचेची भिंत काहीच उचलत नाही, ती वरून नुसती टांगलेली असते. सेंट्रिंग किती दिवसांनी काढायचं, स्लॅबला पाणी का पाजायचं, हेही तिला कळू लागलं. कांदा चिरताना यंत्रातून येणारा प्रत्येक शब्द आता तिला समजे. आणि जितका समजे तितकी ती जास्त जळे. कारण आता तिला दिसत होतं की इमारतीच्या मागच्या बाजूला देल्चोला काही म्हणजे काही दिसत नाही. तिथे तो केवळ गेर्गिनाच्या आवाजावर माल उतरवतो. बायकोच्या सांगण्यावरून साधी मिठाची बरणी न सरकवणारा हा माणूस त्या बाईच्या शब्दावर डोळे मिटून टनभर लोखंड खाली सोडत होता. प्रेमाबिमाचा संशय असता तर एक वेळ भांडता आलं असतं. इथे भांडणार कशावरून?

काचा चढवायचे दिवस आले. त्या दुपारी गेर्गिनाने नेहमीप्रमाणे आपली हिरवी पट्टी लावलेली वॉकीटॉकी चार्जिंगला लावली आणि जेवायला बसली. जेवता जेवता पलीकडच्या पोराला म्हणाली, “देल्चो असला की मला भीती कशी ती वाटत नाही.” मिन्का कॉफीचं यंत्र लावायला म्हणून वळली आणि तिने त्या वॉकीटॉकीची पिन उपटली. गेर्गिना जायला निघाली तेव्हा पिन परत जागेवर खोचली. वाटलं, बाई जरा गोंधळेल, इंजिनिअर बोनेवसाहेबांची बोलणी खाईल. त्यापुढचा विचार तिने केलाच नाही.

अर्ध्या तासाने खानावळीतल्या यंत्रातून देल्चोचा आवाज आला. “गेर्गिना? थांबलोय मी. बोल.” काही उत्तर नाही. “गेर्गिना, वारा आलाय. बोल ना.” आणि मग आवाज फाटला. “गेर्गिना!”

मिन्काने चालू यंत्र उचललं आणि ती पळत सुटली. चुलीवर मांस तसंच. मागच्या बाजूला अख्खी काच हवेत लटकत होती आणि वाऱ्याने गरगर फिरू बघत होती. काच फिरू नये म्हणून बांधलेला दोर गेर्गिना दोन्ही हातांनी ओढून धरत होती. टाचा चिखलात रुतलेल्या. छातीवरची वॉकीटॉकी मेलेली. दोर सोडला असता तर काच परांचीवरच्या माणसांवर जाऊन आदळली असती.

“तुम्ही सांगा!” ती ओरडली. “मला दम नाही! त्याला म्हणावं, बाण डावीकडे!”

मिन्काने बटण दाबलं. “देल्चो, मी आहे.”

तिने मान वर करून काचेकडे पाहिलं.

“गेर्गिना धड आहे. तिचं यंत्र मेलंय. बाण डावीकडे घे. थोडाच. थांब. आता माय्ना. हळू. अजून माय्ना.”

“आलो, मिन्का,” देल्चो म्हणाला. “तू काचेखाली उभी राहू नकोस. सांभाळ.”

तोच आवाज. काच जमिनीवर लाकडी घोड्याला टेकेपर्यंत तिने यंत्र खाली घेतलं नाही.

बोनेवसाहेबांनी चौकशी केली. गेर्गिना म्हणाली, माझीच चूक असणार, बॅटरी तपासायला हवी होती. सगळे गेल्यावर मिन्का तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“पिन मी काढली होती.”

“का?”

“जळत होते म्हणून.”

गेर्गिनाच्या गालांवरचा रंग उतरला. “माझ्या डोक्यावर काच होती, मिन्काताई.” एवढंच बोलली ती. तक्रार केली नाही, पण पुन्हा खानावळीत जेवायलाही आली नाही. महिना संपायच्या आत तिने बुर्गासच्या साइटवर बदली मागून घेतली.

तिच्या जागेवर माणूस मिळेना. त्या दिवशी मिन्काला शब्द कसे काय ठाऊक होते, हे बोनेवसाहेब विसरले नव्हते. त्यांनी तिला प्रशिक्षणाला पाठवलं, ती परीक्षा पास झाली आणि नारिंगी हेल्मेट तिच्या डोक्यावर चढलं. काचेची उरलेली सगळी भिंत तिने आणि देल्चोने मिळून टांगली. दिवसभर तो तिच्याशी बोले, जपून, हळुवार. घरी आला की पुन्हा पाव आणि चटणी.

एकदा तिने विचारलंच, “वर असा गोड कसा बोलतोस रे?”

देल्चोने पावाचा तुकडा खाली ठेवला. “आवाज चढवला की खालचा माणूस घाबरतो. घाबरला की हात सुटतो.”

“आणि घरी?”

“घरी कुणाच्या डोक्यावर काय टांगलंय?”

ताटं उचलताना मिन्काने ती जरा जोरातच आपटली.

इमारत मालकांच्या ताब्यात गेली त्या दिवशी स्वागताचे पाव-मीठ, फिती, भाषणं सगळं झालं. रकिया दारूचा पेला हातात घेऊन बोनेवसाहेब जवळ आले. पुढचं काम पाझार्जिकला आहे, म्हणाले, त्याहून मोठं. क्रेन देल्चोचीच. पण पसारा एवढा की सिग्नल द्यायला खाली दोघं लागणार.

“दुसरं कोण आहे?” मिन्काने विचारलं.

“अजून ठरायचंय. का?”

“काही नाही, सहज,” ती म्हणाली, आणि तिने देल्चोच्या हातातला पेला काढून आपल्या हातात घेतला. “बाई आहे की बाप्या, तेवढं कळवा.”