समोरच्याची बाजू आधी

जगातली सगळी माणसं आमच्या मामेसासऱ्यांसारखी झाली, तर जगात एकही लढाई होणार नाही, कुणावर अन्याय होणार नाही आणि कुणालाही वेळेवर जेवण मिळणार नाही. हे मी अनुभवाने सांगतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुक्काम गोरेगाव, तालुका सेनगाव. व्यवसाय शेती आणि धर्म, त्यांच्याच शब्दांत, लोकशाही समाजवाद. वय सत्तरीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र असा की माइकवाल्याने आपला माइक गुंडाळून घरी जावं. या आवाजात ते जे बोलतात त्यातलं निम्मं दुसऱ्याचं म्हणणं असतं.

कारण मामांचा एक नियम आहे. कुठल्याही वादात आपली बाजू मांडायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीसुद्धा अशी की समोरचा म्हणाला पाहिजे, 'व्हय, मला हेच म्हणायचं होतं.' तरुणपणी कुठल्याशा शिबिरात त्यांना हे कुणी तरी शिकवलं. बाकीचे शिबिरार्थी एसटीत बसेपर्यंत ते विसरले असतील. मामांनी ते जन्मभर पाळलं. मामींशी भांडण काढलं, तर आधी मामींची बाजू ते इतकी बिनतोड मांडतात की मामी समाधानाने उठून कामाला लागतात, आणि आपली बाजू काय होती हे मामांना आठवत नाही. मामी म्हणतात, "असा नवरा सगळ्यांना भेटो. फक्त बाजारात पाठवू नका." बाजारात ते भाजीवालीची बाजू आधी मांडतात, म्हणजे भाव करायला जाऊन तिनं सांगितल्यापेक्षा जास्त देऊन येतात.

माझी त्यांची ओळखही या नियमापायीच झाली. मी मुलगी बघायला गेलो होतो. चहा पुढ्यात होता आणि शेजारच्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "पोरगं हिंगोलीचं. नोकरीचा भरोसा न्हाई. नाकावर राग दिसून राहिला, अन् बोलताना जमिनीकडं बघतं. आपलं लेकरू असल्या घरी काहून द्यावं?" मी कप खाली ठेवला आणि चपला कुठे काढल्या ते आठवू लागलो. तेवढ्यात मुलीचा भाऊ कानाशी येऊन म्हणाला, "बसा, बसा. मामा तुमच्याच बाजूचे हायेत." आणि खरंच, त्यानंतर अर्धा तास त्यांनी माझं असं काही गुणगान केलं की मलाच संकोच वाटला. लग्न जमलं. पण पहिलं भाषण जास्त पटण्यासारखं होतं, असं माझी बायको अजूनही अधूनमधून म्हणते.

समतेच्या बाबतीत तर त्यांना धीर म्हणून धरवत नाही. गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये पुढे बसणाऱ्यांना वारा, खिडकी आणि मान मिळतो. मागचे लोक एकमेकांच्या मांडीवर. मामा जीपमध्ये असले की निम्म्या रस्त्यावर गाडी थांबवायला लावतात आणि पुढच्यांना मागे, मागच्यांना पुढे बसवतात. लोक कुरकुरतात, पण उठतात, कारण न उठल्यास भाषण होतं आणि भाषणापेक्षा मागची सीट बरी. एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मामा, मग मलाबी मागं बसवा ना!" मामांनी त्यावर मनापासून विचार केला. सुदैवाने त्या जीपमध्ये दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येत नव्हती.

आता त्यांच्या घरच्या बैठकीबद्दल. दर निवडणुकीआधी मामांच्या ओसरीवर सगळं घर बसतं. ज्याला जो उमेदवार पटत नाही, त्याने त्याची बाजू मांडायची. मग हात वर करून निकाल, आणि बहुमताने जे ठरेल तेच सगळ्यांनी मतदानाला करायचं. अध्यक्ष मी, कारण माझं मत हिंगोलीत, आणि जावयाशी भांडायची सोय नसते. इतकी वर्षं या अध्यक्षपदाला काही काम नव्हतं. निकाल ठरलेला असायचा.

तो निकाल म्हणजे साथी. साथी हे मामांचे त्या शिबिरापासूनचे दोस्त. राहतात शेजारच्या गावात. त्यांचं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवत असेल की नाही शंका आहे, इतका सगळा मुलूख त्यांना साथीच म्हणतो. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की साथी उभे राहतात, त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून मामा सही करतात, पायी प्रचार होतो, साथींचं डिपॉझिट जातं, आणि दोघे दोस्त चहा पिऊन पुढच्या वेळच्या तयारीला लागतात. हरण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. माणसं सणाला सवयीने जशी नवे कपडे घालतात, तसे हे निवडणुकीला उभे राहत.

या वेळी घोटाळा झाला. मामांची सही साथींच्या अर्जावर होऊन गेली, आणि शेवटच्या दिवशी तांड्यावरच्या सविताताईंनी अर्ज भरला. सविताताई म्हणजे गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविकांच्या मोर्चात पुढे असणारी, तांड्याला पाणी मिळावं म्हणून पाहणीला आलेल्या साहेबाला तिथलंच गढूळ पाणी पाहुणचार म्हणून पुढे करणारी बाई. म्हणणं तेच, जे साथी आणि मामा जन्मभर म्हणत आले. मामांची नात सायली नांदेडला शिकते. ती सुट्टी काढून घरी आली ती सविताताईंचा प्रचार करायलाच.

बैठक दुपारी भरली. मामा, मामी, मुलगा, सून, सायली आणि अध्यक्ष. मामांनी नेहमीप्रमाणे व्याख्येने सुरुवात केली. "समाजवाद म्हंजे भाकर सगळ्याइला. अन् लोकशाही म्हंजे भाकर कशाची करायची, ते सगळ्याइला इचारून."

"आजोबा," सायली म्हणाली, "भाकर थापणारीला कधी इचारलं का?"

सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. मामा म्हणाले, "मुद्दा बराबर हाय," आणि अध्यक्षांना त्याची नोंद घ्यायला सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली.

नियमाप्रमाणे साथींची बाजू सायलीने मांडायची होती. ती असं बोलली की मी बघतच राहिलो. म्हणाली, सगळे पक्ष बदलून राहिले, झेंडे बदलून राहिले, हा एक माणूस एकाच जागी उभा आहे. जिंकणाऱ्याच्या मागे कुणीही जातं. जो हरतो हे माहीत असून उभा राहतो, त्याच्यामागे कुणी तरी गेलंच पाहिजे. मामांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मग सविताताईंची बाजू मांडायला ते स्वतः उठले.

मामा कुठलंही काम हातचं राखून करत नाहीत, हीच त्यांची खोड. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी अन् साथी भाषणात एकाच बाईबद्दल बोलत आलो. तांड्यावरची, उन्हातानात खपणारी, जिला कुणी इचारत न्हाई ती बाई. तिला हक्क भेटला पाह्यजे, म्हणून आमी घसे फोडले. आता ती बाई सोता अर्ज घेऊन आली. अन् आमी काय करून राहिलो? तिच्या इरोधात उभे! मंग आमाला ती बाई पाह्यजे होती, का निस्तं भाषण पाह्यजे होतं?"

मी हात वर करायला सांगितले. साथींच्या बाजूने दोन हात आले. एक मामांचा, आणि दुसरा सायलीचा! आपल्याच भाषणाने तिचं मन वळलं होतं. सविताताईंच्या बाजूने मुलगा, सून आणि मामी. मामांनी मामींकडे बघितलं. "तूबी?"

"जन्मात पहिल्यांदा पटण्यासारखं बोलले तुमी," मामी म्हणाल्या, "मग हात खाली कसा ठिऊ?"

तर असं आपल्याच तोंडाने मामांनी आपल्या दोस्ताला पाडलं. मुलाला त्यांची दया आली. तो हळूच म्हणाला, "दादा, मत गुप्त असतंय. आतमधी तुमी काय दाबलं ते कोण बघून राहिलं?"

"मी बघून राहिलो ना," मामा म्हणाले. नंतर ते बराच वेळ ओसरीच्या कडेला बसून राहिले. जेवणाला हाक मारली तर आले, पण भाकरीवर एकही वाक्य बोलले नाहीत. मामी मला म्हणाल्या, "हे असे गप बसले की मला तकलीफ होते. बडबडलेले बरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. "साथीकडं चला. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापरीस मीच सांगतो." साथी अंगणात बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. त्यांची बायको, म्हणजे मामांच्या वहिनी, दळण घेऊन गिरणीवर निघाल्या होत्या. मामांनी खाली न बसताच सांगून टाकलं, "या बारीला माझं मत तुला न्हाई."

साथींचा हात घडीवर थांबला. "काहून?"

"बैठकीत ठरलं."

"अन् बैठकीला पटवलं कुणी?"

"मीच."

साथींनी पत्रकं बाजूला सारली आणि खाटेवर जागा केली. "काय बोललास, मलाबी ऐकू दे." मामांनी तेच भाषण पुन्हा केलं. आवाज नेहमीचाच. साथी जमिनीकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अर्ज मागं घ्यायची तारीख निघून गेली की रे. आधी येयाचं होतंस." मामा म्हणाले, "आधी मलाबी सुचलं नव्हतं." पुढे चार दिवसांनी साथींची शेवटची सभा झाली, तेव्हा मामा नेहमीसारखे पहिल्या रांगेत बसले होते आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते. लोक गोंधळले. मामांना त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. मत वेगळं आणि टाळी वेगळी, असं ते मला समजावून सांगत होते.

मतमोजणी सेनगावला झाली. निवडून तिसराच आला, म्हणजे जो येणार हे सगळ्यांना माहीत होतं तो. पण सविताताई दुसऱ्या आल्या आणि त्यांचं डिपॉझिट वाचलं. मामांच्या विचारांच्या उमेदवाराचं डिपॉझिट वाचण्याचा त्या भागातला हा पहिलाच प्रसंग. मामांनी पेढे आणले आणि विजयी मिरवणुकीतल्या लोकांनाही वाटले. त्यांना कळेना की नक्की जिंकलं कोण.

साथी हातात पेढा घेऊन एका बाजूला उभे होते. त्यांच्या गावच्या केंद्रावर, काही झालं तरी, त्यांना घरची दोन मतं ठरलेली असत. या वेळी तिथून एकच निघालं होतं. मामांनी जवळ जाऊन विचारलं, "एकच? तुझं का वहिनीचं?"

"तिचं," साथी म्हणाले. "तू भाषण केलंस तवा ती दळणाला गेलती ना."

मामा हसले, साथीही हसले. एकमेकांच्या खांद्यावर थापा मारून झाल्या. मग सविताताईंच्या टेम्पोत मागे जागा होती, तिथे साथी चढून बसले आणि आपल्या गावाकडे गेले. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मामा रस्त्यातच उभे होते.

परतताना ते माझ्या मागे बसले होते. मध्येच म्हणाले, "जावईबापू, इतकी वर्षं त्याला मत देत आलो ना, तवा बटन दाबताना मी घरी जाऊन काय जेवायचं त्याचा इचार करायचो. ठरलेलंच होतं, इचार कशाचा करायचा? या बारीला त्याला दिलं न्हाई, तर आतमधी उभा राहून निस्ता त्याचाच इचार करून राहिलो. माघारली लाइन वरडाया लागली, तरी बोट उचलंना."

मी गाडी हळू केली. संध्याकाळचं ऊन रस्त्यावर तिरपं पडलं होतं.

"हे त्याला सांगायचं राहून गेलं," मामा म्हणाले.

पुढच्या फाट्यावरून गोरेगावचा रस्ता सरळ जातो. मी गाडी साथींच्या गावाकडे वळवली.