धुणं दुपारवर नेणारी मुकादमबाई

आमच्या धुलाई कारखान्यात इस्पितळाच्या चादरी यायच्या. मी पिळणीच्या यंत्रावर होतो. मुकादमबाई ठेंगणी, पण आवाज यंत्रांवरून जाणारा. ओल्या चादरींचा गठ्ठा ती एकटी उचलायची. कुणी अर्धाच उचलला तर नुसती बघायची. उरलेला अर्धा मग आपोआप उचलला जाई.

बॉयलरवर तिचा दीर, कोळशात आयुष्य गेलेला. धुण्यावर तिची मुलगी, कारखान्यांच्या धुराविरुद्ध सह्या गोळा करणारी. दोघांच्या भांडणात घरचं जेवण गार व्हायचं.

धूर निम्मा करा, नाहीतर टाळं लावू, असं नगरपालिकेने बजावलं. मालकाने छपरावर उन्हावर पाणी तापवणारे बंब बसवले. बॉयलर फक्त वाफेच्या इस्त्रीला ठेवला. धूर घटला, पण चादरी मळकट निघू लागल्या. इस्पितळाने महिनाअखेरची मुदत दिली. ते काम गेलं असतं तर आम्ही सगळे घरी बसलो असतो.

दीर भलताच खूश. "काय गं, तुझ्या सूर्यावर चहा तरी होतो का?"

"आणि तुमच्या कोळशाने गल्ली खोकते, त्याचं काय, काका?"

बाई दोघांच्या मध्ये उभी राहिली. "भावोजी, उद्या तुम्ही धुण्यावर. आणि तू फावडं धर, बॉयलरचा जोडीदार शिकवेल. हवं तेवढं भांडा, हात थांबता कामा नयेत."

मुलीचे तळहात सोलवटले, पण तिने फावडं सोडलं नाही. दिराने सकाळी हौदात हात घातला. पाणी जेमतेम कोमट. दुपारी पुन्हा घातला आणि किंचाळलाच.

"आई गं! भाजलं की!"

"दुपारीच तापणार ना, काका! रात्रभर टाकीत गारच होतं ते."

"मग धुता कशाला सकाळी?"

सकाळी धुणं, दुपारी इस्त्री, हे आमच्या आधीपासून चालत आलेलं. बाईने पदर खोचला.

"उद्यापासून धुणं दुपारी. रात्री दोरीवर वाळेल, सकाळी इस्त्री."

"आणि ढग आले तर?" दिराने विचारलं.

"तेव्हा बॉयलरवर तुम्ही आहातच की," मुलगी म्हणाली. दीर पहिल्यांदाच तिच्याशी भांडला नाही.

बोलायला सोपं होतं. पाळ्या बदलल्या, बायका कुरकुरल्या, वाळवणीच्या दोऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या. सगळ्यांत उंच दोरी बाईने स्वतः शिडीवर चढून बांधली.

महिनाअखेरीला नगरपालिकेचा माणूस आला. धूर निम्म्याहून खाली. इस्पितळातून तपासायला आलेल्या बाईंनी एक चादर उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "वर्षभराचं काम तुमचंच."

नव्या कामाची पहिली हातगाडी फाटकाबाहेर काका-पुतणीने मिळून ढकलली. आम्ही बादल्या बडवल्या.

"पुरे! धुणं भिजत पडलंय!" बाई ओरडली आणि सगळ्यांत मोठी बादली स्वतःच बडवायला लागली.