मैनुद्दीनचाचांचं काशाचं वेड

युसूफ वडगावचे मैनुद्दीनचाचा लोहार होते, आणि लोखंडाची निंदा करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

"लोखंड तापवा, बडवा, परत तापवा. कोळसा जातो, खांदे जातात. कासं कसं, वितळलं की साच्यात वतलं, झालं चिलखत!"

"मंग जुन्या राजांनी काशाची चिलखतं कावून सोडली, चाचा?" मी मुद्दाम विचारायचो.

चाचांचा आवाज उतरायचा. "त्यात कथील लागतं. ते लई लांबून यायचं, म्हाग पडायचं. लोखंड कुटंबी घावतं."

बहात्तरच्या दुष्काळात चाचांचं नशीब उघडलं. लोकांचं मन रमावं म्हणून सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांनी नाटक बसवलं. राजाचं काम अर्थातच त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि चिलखत चाचांकडे सोपवलं. चाचांना ते काशाचंच करायचं होतं, पण एवढं कासं आणायचं कुठून? त्यांनी तोडही सहकारी काढली. भागभांडवल जमवतात तसं घरटी एक काशाचं भांडं घ्यायचं. पण दवंडी देणाऱ्या त्रिंबकचे पुढचे दात पडलेले. तो ओरडला 'काशाचंच भांडं', लोकांनी ऐकलं, 'कशाचंबी भांडं!' चावडीपुढे जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली आणि चेपक्या बादल्या यांचा ढीग लागला. काशाची भांडी लोकांनी केव्हाच मोडीत घातली होती. मला हसू आवरेना, चाचा मात्र रडकुंडीला आले.

आता कासं उरलं होतं ते त्यांच्याच घरात, बायकोची, रहेमतबींची वाटी.

"चिलखत लोखंडाचंच करतो," चाचा त्यांना म्हणाले, "पण छातीवर एक काशाची चकती तरी बसवू दे. जिंदगीत एकदा."

"न्या की," रहेमतबी म्हणाल्या. "आज बायकांचे पाय तेवढे घासून होऊ द्या."

दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. तूप कुठलं, करडीच्या तेलाचं बोट फिरवून रहेमतबी एकेकीच्या तळव्यावर वाटी घासत होत्या. सुभद्राबाईंचे तळवे भेगांनी फाटलेले. वाटी फिरली तशी त्यांना बसल्या जागी झोप लागली. चाचा अवघडून उभे होते.

शेवटी रहेमतबींनी वाटी पुसून पुढे केली. त्याही दिवसभर खडीच फोडून आल्या होत्या. चाचांनी वाटी घेतली, खाली बसले आणि बायकोचा पाय मांडीवर ओढला.

"अवो, लोक बघायलेत!"

"बघू दे."

त्या दिवशी चाचांना चिडवायला माझी जीभ उचलली नाही. नाटकात सुंदररावांच्या छातीवर नुसतं लोखंड होतं.