नर्सबाई आंबेपाड्याला गप्प झाल्या

साक्रीची ती दुपार विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मी तिथे फौजदार होतो, नवाकोरा आणि जरा जास्तच शहाणा.

दोघे भाऊ फिर्याद घेऊन आले. त्यांच्या विधवा बहिणीला दिवस गेलेले, आणि मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला फूस लावून पळवली, असं त्यांचं म्हणणं. थोरला हमसून हमसून रडला. मी विश्वास ठेवला. फिर्याद लिहून घेतली आणि बाईंना ठाण्यात बोलावलं. भाऊ व्हरांड्यात माझ्या खिडकीखालच्या बाकावर बसले. फिर्यादींना तिथेच बसवायचा रिवाज होता.

बाई पन्नाशीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. पोरीला शब्द दिलाय, ती कुठे आहे ते सांगणार नाही, म्हणाल्या. दरडावलं, तरी ढिम्म हलल्या नाहीत. मग आठवलं, आमचा हवालदार म्हणाला होता की या बाई जीव गेला तरी खोटं बोलत नाहीत. बस्स! मी एकेक गावाचं नाव घेत सुटलो. प्रत्येकाला बाई "तिथे नाही" म्हणायच्या. आंबेपाडा म्हटलं आणि त्या गप्प झाल्या. डोळे मिटले, ओठ हलू लागले. प्रार्थना करत असाव्यात.

"आंबेपाडा तर!" मी खुशीत मोठ्यानं म्हणालो.

बाईंनी डोळे उघडले. "साहेब, ते तिला मारायला शोधताहेत. आता तरी धावा."

खिडकीतून पाहिलं, तर बाक रिकामा.

मी जीपकडे धावलो. आंबेपाडा डोंगरापलीकडे, पायवाट जवळची, जीपला मात्र मोठा वळसा. त्यात जीप ढकलून सुरू करावी लागली. पोचलो तेव्हा एका झोपडीच्या दारात पोरीला आसरा देणारे म्हातारे आबा आडवे उभे होते, त्यांच्या दंडातून रक्त वाहत होतं, आणि थोरल्यानं कुऱ्हाड पुन्हा उगारली होती. मी त्याच्यावर झेप घेतली. धाकट्याला शिपायांनी धरलं. आबांची जखम बांधायला गेलो, तर ते म्हणाले, आधी त्या कुऱ्हाडवाल्या पोराला पाणी पाजा, धापा टाकतोय.

आत पोरगी कोपऱ्यात पोट धरून बसली होती. वर्दीतच हात जोडले. हे माझ्यामुळे झालं, म्हणालो.

ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही उनात ना." आलात ना, एवढंच तिचं म्हणणं.

तिचे सख्खे भाऊ बेड्या घालून बाहेर उभे होते, त्यांना वाट मीच दाखवलेली, आणि तिनं मला भाऊ म्हटलं. मी उंबऱ्यावर बसून रडलो.

त्यानंतर कुणी हरवल्याची फिर्याद आली, की मी आधी स्वतःला विचारायचो, या माणसाला सापडायचंय का?