तेरा नाणी आणि एक तृतीयांश

मी नववीत होते, तेव्हा माझे वडील दहावीच्या अभ्यासाला बसले. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. आम्ही वाशीला एका बैठ्या घरात राहायचो आणि बाबा महाप्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात हेल्पर होते. मराठवाड्यातल्या गावी सातवीनंतर त्यांची शाळा सुटली होती. ऑपरेटर व्हायचं तर दहावी पास हवं, अशी नोटीस कारखान्यात लागली आणि बाबांनी कुणाला न विचारता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाकला. फोटो काढायला म्हणून इस्त्रीचा शर्ट मागितला, तेव्हा कुठे आईला कळलं.

पहिली पाळी संपवून ते साडेतीनला घरी यायचे. आंघोळ, चहा, आणि लगेच माझ्याशेजारी सतरंजीवर. गणित मी शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "हा क्ष कोण?"

"जे आपल्याला माहीत नाही ते."

"म्हणजे माहीत नसलं तरी नाव ठिवून कामाला लावायचं," ते म्हणाले आणि वहीत मोठा क्ष काढला.

त्यांना समजायला वेळ लागायचा, पण समजलेलं पक्कं राहायचं. मला मात्र वडिलांच्या चुका काढायला मिळतात याचाच चेव चढलेला. लाल पेन मी मुद्दाम विकत आणलं होतं.

मग ते नाण्यांचं उदाहरण आलं. माझ्या सरावपुस्तकातलं. एका पेटीत दहा पैशांची आणि पंचवीस पैशांची मिळून तीस नाणी आहेत. एकूण रक्कम पाच रुपये पन्नास पैसे. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?

बाबांनी दहा पैशांची नाणी क्ष मानली. म्हणजे पंचवीसची तीस वजा क्ष. सगळ्याचे पैसे केले, समीकरण मांडलं, सोडवलं. पंधरा क्ष बरोबर दोनशे. क्ष बरोबर तेरा आणि एक तृतीयांश.

"चुकलं," मी म्हणाले. पुस्तकाच्या मागे उत्तर होतं, चौदा आणि सोळा. माझ्या वहीतही चौदाच होतं आणि त्यावर आमच्या गणिताच्या बाईंची बरोबरची खूण होती.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. मलाही आधी तेरा आणि एक तृतीयांशच आलं होतं. पण मागचं उत्तर बघून मी साडेसातशेतून साडेपाचशे वजा केल्यावर दोनशे दहा लिहिले आणि पंधराने भागून चौदा आणले होते. बाईंकडे पन्नास वह्यांचा गठ्ठा असायचा. त्यांनी शेवटची ओळ बघितली असणार.

बाबांनी माझी वही मागितली. ती ओळ त्यांनी बोटाने दाखवली. "इथं दोनशे दहा कसं आलं, माय?"

"तसंच असतं ते," मी म्हणाले आणि पान उलटलं.

त्यांनी वही परत दिली. पण पुढचे तीन दिवस त्यांनी दुसरं उदाहरण घेतलंच नाही. तेच पुन्हा मांडायचे, खोडायचे, पुन्हा तिथेच यायचे. चौथ्या दिवशी आईला म्हणाले, "फॉर्मचे पैसे वाया गेले बघ. माझ्या डोक्यात आता नाही शिरत." आई तांदूळ निवडत होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काहीतरी करावं.

दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले ते खिसा खुळखुळवतच. वाण्याकडून सुट्टे आणले होते. त्यांनी सतरंजीवर दहा पैशांची चौदा नाणी मांडली, शेजारी चाराण्यांची सोळा. बोटाने सरकवत मोजली. परत मोजली.

"पाच रुपये चाळीस होतात," ते हळूच म्हणाले. "दहा पैसे कमी पडतात. बघ गं, माझंच काही चुकतंय का?"

त्यांचा तो स्वर मला सोसला नाही. मी रडतच सगळं सांगून टाकलं. दोनशे दहा कसे आणले, तेही.

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी नाणी एकेक करून खिशात टाकली. मग म्हणाले, "तुला ठाऊक होतं. आन् मी तीन दिवस सोताला ठोंब्या समजत होतो." एवढंच. मारलं असतं तर बरं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

शनिवारी अर्धी रजा टाकून, शाळा सुटायच्या वेळेला कंपनीच्या खाकी कपड्यांतच ते शाळेत आले. मी फाटकाशी थांबले होते, दोन्ही वह्या घेऊन. बाईंनी आधी त्यांची वही वाचली, मग माझी. मग स्वतः फळ्यावर उदाहरण सोडवलं आणि खडू ठेवून दिला.

"पुस्तकात छापताना चूक झाली आहे. चाळीसचे पन्नास झालेत. तुमचं सगळं बरोबर आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू लबाडी केलीस. आणि मी न वाचता खूण केली."

बाबांनी विचारलं, "म्हणजे उत्तर चूक असलं तरी माझं गणित बरोबर?"

"उत्तरही बरोबरच आहे. या आकड्यांना तेवढंच येतं."

बाबा फळ्याकडे बघत उभे राहिले. एवढं शिकलेल्या माणसाने त्यांना 'तुमचं बरोबर' म्हटल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. मी तेव्हा हात धरण्याच्या वयाची नव्हते. मी तो सोडवला नाही.

त्या संध्याकाळी मी लाल पेन आईच्या हिशेबाच्या डब्यात टाकलं.

मार्चमध्ये बाबा इंग्रजीत नापास झाले. गणितात बावन्न. ऑक्टोबरला इंग्रजीही सुटलं आणि पुढच्या वर्षी ते ऑपरेटर झाले. मी दहावी झाले तेव्हा गणितात मला एकाहत्तर मिळाले. बाबांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या आणि आठवडाभर येईल त्याला सांगितलं, "हिच्या वेळी पेपर सोपा होता."