चमचाभर विरजण

आज सकाळी आत्या स्टीलची वाटी घेऊन दारात उभी राहिली. तिच्या घरचं विरजण संपलं होतं. लहानपणी माझं पोट सारखं बिघडायचं, तेव्हा याच आत्यानं गल्लीभर सांगितलं होतं, "वहिनीचे हात अस्वच्छ. तिच्याकडचं विरजण घेऊ नका." आई भेगा पडेपर्यंत हात धुवायची.

परवा डॉक्टरांनी कारण सांगितलं. आतड्यात प्रतिपिंडं पाझरतात, जंतूंना वेढून जागच्या जागी ठेवतात. माझ्यात ती जन्मापासून जवळजवळ नाहीतच. "तुमच्यासारख्यांमुळेच त्यांचं काम आम्हाला कळत गेलं," ते म्हणाले. दोष आनुवंशिक, तपासणीत बाबांच्या रक्तातही तोच सापडला.

एखादी गोष्ट नसली की ती कशासाठी असते ते कळतं. आमच्या घरात आत्याची जीभ जागच्या जागी ठेवणारं कुणी नव्हतं. बाबा तर पेपरातून डोकं वर काढत नसत.

आई वाटी घ्यायला उठली. मी तिला बसवलं आणि वाटीत चमचाभर विरजण स्वतः घातलं.

"आत्या, विरजण माझ्या आईचं आहे. आजार तुझ्या माहेरचा. आता हेही गल्लीभर सांग."

तिनं वाटी उचलून पदराखाली झाकली. ती गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत मी बघत राहिले.