खिडक्या काढलेलं बॉम्बर

पत्र्याची जुनी खेळण्यातली विमानं मी जमवते, तीही लढाऊच. का, ते मला नीट सांगता येत नाही. कोपरच्या आमच्या घरात दुपारचं ऊन कपाटाच्या काचेवर आलं की पंखांवरचे छापील रिवेट चमकतात, आणि छापील वैमानिक कुठेतरी लांब बघत असतात. मग मीही हातातलं काम विसरून थोडी लांब जाऊन येते.

गेल्या हिवाळ्यात मैत्रिणीनं सांगितलं, मोहन्यात एक म्हातारे भाऊ-बहीण घर रिकामं करतायत, त्यांच्याकडे चावीचं बॉम्बर आहे. शहाडला उतरून रिक्षानं गेले. नदीकडून गार वारा येत होता.

दार काकांनी उघडलं. विमान टेबलावर काढूनच ठेवलेलं. बघून मी हिरमुसले. इतकं सुंदर बॉम्बर, आणि त्यावर कुणीतरी दाराचा निळा ऑइलपेंट फासलेला. पोटावर पांढरे वेडेवाकडे चौकोन.

"मीच रंगवलंय," काका म्हणाले. "एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट व्हायचा. माझी बहीण, ही, एवढुशी होती. भोंगा वाजला की थरथरायची, या खेळण्यालाही हात लावेना. म्हणून बंदुका बुजवल्या, पांढऱ्या रंगानं खिडक्या काढल्या. म्हटलं, हे आता बॉम्ब नाही टाकत, माणसं नेतं. पण थिनरनं निघेल हो सगळं."

"काढू नका."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्या आल्या आणि शेपटीजवळच्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही माझी खिडकी. अंथरुणात डोळे मिटले की मी इथं बसायचे. खाली सगळा काळोख, आणि आत मात्र दिवे लागलेले."

"कुठे जायचात?" मी विचारलं.

"कुठे नाही. नुसतं उडत राहायचं. याला म्हणायचे, दादा, तूपण ये ना आत बसायला."

"मी कसा येणार? चालवणार कोण?" काका म्हणाले. इतक्या वर्षांनीही अगदी गंभीरपणे.

त्यांनी चावी दिली. विमान घरघरत फरशीवरून तिरकं निघालं, पुढचे पंखे फिरले, आणि मावशींच्या पावलांशी येऊन थांबलं. बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं, तो आवाजही फार दुरून आल्यासारखा वाटला.

"तुम्हीच ठेवा ना हे," मी म्हटलं.

"भाच्याकडे पुण्याला चाललोय," मावशी म्हणाल्या. "तिथं माळ्यावर जाईल ते. तुमच्याकडे चार विमानांत राहील. फक्त रंग काढायचा नाही."

मी कबूल केलं. त्यांनी ते आपल्या जुन्या मऊ पातळात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

परवा मावशींचा फोन आला. दादा बरा आहे म्हणाल्या, इथं थंडी फार आहे म्हणाल्या. मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "अगं, त्याला उन्हात नको हं ठेवूस. निळा फिका पडेल."